बोगनवेल आणि झान बारे

आमच्या विद्यालयाच्या मागच्या भिंतीवरची बोगनवेल सर्वांच्या परिचयाची आहे. वार्षिक परीक्षा संपत येतात त्या सुमारास ती इतकी बहरते की सायकल स्टँडवर गुलाबी पानांचा सडा पडतो आणि आमचे शिपाईकाका दिवसातून दोनदा झाडू मारून कंटाळून जातात. गुलाबी पाने असे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ती खरे म्हणजे रंगीत पाने आहेत. खरे फूल त्यांच्या मधोमध असते, पांढरट, बारीक नळीसारखे. सहावीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत जवळ जाऊन पाहावे.

बोगनवेल हा शब्द ऐकला की तो आपलाच वाटतो. गुळवेल, नागवेल, तशीच बोगनवेल. पण हा निव्वळ योगायोग आहे. हे नाव लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावावरून पडले आणि त्यातला शेवटचा व्हिल मराठी माणसाच्या तोंडी वेल होऊन बसला. हिंदीत बोगनवेलिया म्हणतात, तिथे निदान परदेशी वास येतो. (आम्हाला फ्रेंच येत नाही. या लेखातली नावे जशी जमली तशी लिहिली आहेत. शिवाय आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

ही वेल शास्त्राच्या पुस्तकात आली ती १७६७ साली रिओ द जानेरोजवळ गोळा केलेल्या नमुन्यांमुळे. त्या मोहिमेचा प्रमुख बूगँव्हिल होता, म्हणून नाव त्याचे. मोहिमेवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमर्सन होता, म्हणून शोध त्याचा. आणि कोमर्सनच्या मागे लाकडी फळ्या, कागदांचे गठ्ठे आणि शिधा खांद्यावर घेऊन चालणारा झान नावाचा एक नोकर होता. हा नोकर पुरुष नव्हता. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली इतिहासाला ठाऊक असलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव आज घेतले जाते, ती झान बारे हीच.

तिच्याविषयी लिहिण्याचे निमित्त नववीच्या मुलींनी दिले. वाचनालयाच्या तासाला ऐतिहासिक कादंबऱ्यांवर चर्चा चालली होती. आपल्या घरोघरी ऐतिहासिक कादंबऱ्यांची मोठी आवड आहे, आणि कादंबरीत वाचलेले सगळेच घडले असे धरून चालण्याची सवयही तितकीच मोठी आहे. मुलींनी विचारले की कादंबरीतले खरे किती आणि लेखकाने घातलेले किती हे ओळखायचे कसे. शिवाजी महाराजांचे किंवा पेशव्यांचे उदाहरण घेतले असते तर वर्गात भांडण झाले असते. म्हणून आम्ही झान बारेचे उदाहरण घेतले. फॅनी देशाँ या फ्रेंच लेखिकेने १९८२ साली ला बूगँव्हिले या नावाची दोन खंडांची कादंबरी लिहिली. तिची नायिका याच झानवरून घेतलेली आहे आणि तिचे पहिले नावही झानच ठेवले आहे. मूळ बाईच्या आयुष्यात कागदावर राहिलेले इतके थोडे आहे आणि मधल्या मोकळ्या जागा इतक्या मोठ्या आहेत की कादंबरीकाराला मोह न झाला तरच नवल. आम्ही मुलींना आधी कागदावरचे सांगायचे ठरवले. तेच इथे देत आहोत.

झानचा जन्म फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ला कोमेल या खेड्यात २७ जुलै १७४० रोजी झाला. बाप रोजंदारीवर काम करणारा मजूर होता. अशा घरच्या मुलीच्या वाट्याला त्या काळी जे येई तेच तिच्या वाट्याला आले. मोठी झाल्यावर ती दुसऱ्याच्या घरी कामाला राहिली. ते घर डॉक्टर कोमर्सनचे. कोमर्सन तिच्याहून सुमारे तेरा वर्षांनी मोठा होता. शिक्षणाने वैद्य, पण जीव सगळा झाडापानांत. पुढे त्याच्या हातून जे काम झाले त्यावरून तो माणूस विलक्षण मेहनती होता हे कोणीही मान्य करील. १७६२ साली बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत त्याची पत्नी वारली. मुलगा पत्नीच्या भावाकडे, एका धर्मगुरूच्या घरी, वाढायला गेला. कोमर्सनचे घर सांभाळायला झान राहिली.

यापुढचा भाग शालेय पत्रिकेत लिहावा की नाही यावर आम्ही दोन दिवस विचार केला. पण तो गाळला तर पुढचे काहीच कळत नाही. १७६४ साली झान गरोदर होती. त्या वेळच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे अविवाहित गरोदर स्त्रीला अधिकाऱ्यापुढे जाऊन तशी नोंद करावी लागे. झानने ती नोंद केली, मात्र बाळाच्या वडिलांचे नाव सांगितले नाही. ती नोंद आजही उपलब्ध आहे. चोवीस वर्षांची मोलकरीण सरकारी माणसासमोर उभी राहते, सगळे गाव पाहत असते आणि ती त्या एका नावाविषयी तोंड मिटून राहते. तिच्या स्वभावाचा याहून मोठा पुरावा आम्हाला दुसरा दिसत नाही. त्याच वर्षी कोमर्सन आणि ती पॅरिसला गेली. डिसेंबरात मुलगा झाला. तो अनाथ बालकांच्या रुग्णालयात दिला गेला आणि दुसऱ्याच वर्षी दाईच्या घरी वारला. याविषयी झानला काय वाटले हे कुठेच लिहिलेले नाही. कादंबरीत या जागी पाने भरता येतात.

पॅरिसमध्ये कोमर्सनचे बिऱ्हाड राजाच्या बागेजवळ होते. ही बाग म्हणजे त्या काळची युरोपातली मोठी वनस्पतिशाळाच होती. १७६६ मध्ये फ्रान्सच्या राजाने, पंधराव्या लुईने, बूगँव्हिलला जगाची सफर करायला पाठवायचे ठरवले आणि मोहिमेवर राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून कोमर्सनची नेमणूक झाली. त्याला राजाच्या खर्चाने एक नोकरही मिळणार होता. अडचण एवढीच की १६८९ च्या हुकुमाप्रमाणे फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रियांना राहण्यास मनाई होती.

निघण्यापूर्वी, डिसेंबर १७६६ मध्ये, कोमर्सनने मृत्युपत्र केले. त्यात त्याने झानला सहाशे लिव्र, घरातले सामान आणि वर्षाला शंभर लिव्र या दराने राहिलेला पगार लिहून दिला. शिवाय आपल्या मृत्यूनंतर तिला वर्षभर त्या घरात राहू द्यावे आणि तेवढ्या वेळात तिने आपला निसर्गसंग्रह नीट लावून द्यावा अशी सोय केली. हे कलम आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. वाळलेल्या हजारो पानांचा संग्रह कोणी स्वयंपाकीणबाईच्या हाती सोपवत नाही. कोणता कागद कुठे जातो, कोणते पान कोणत्या डोंगरावरचे, हे तिला कळत असले पाहिजे. औपचारिक शिक्षणाचा पत्ता नाही, पण काम करता करता ती शिकली होती आणि शिकवणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते.

याच महिन्यात रोशफोर बंदरात एतवाल नावाच्या जहाजावर झान पुरुषी कपड्यांत चढली. एतवाल म्हणजे तारा. हे सामान वाहणारे जहाज होते. बूगँव्हिल स्वतः बूदूज या दुसऱ्या जहाजावर होता. १ फेब्रुवारी १७६७ रोजी एतवालने नांगर उचलला. जहाजावर शंभराहून अधिक पुरुष, आणि सगळे दाटीवाटीने झोपणारे. तिचे भाग्य असे की कोमर्सनचे सामान अफाट होते, आणि ते मावावे म्हणून कप्तानाने आपली मोठी खोली त्याला आणि त्याच्या नोकराला देऊन टाकली. खोलीला स्वतंत्र शौचालय होते. मुलींनी हे ऐकून तोंडावर हात ठेवून हसणे साहजिकच आहे, पण ही एक सोय नसती तर सगळे नाटक पहिल्याच आठवड्यात उघडे पडले असते.

जून १७६७ मध्ये दोन्ही जहाजे रिओ द जानेरोला भेटली. कोमर्सन त्या वेळी पायाच्या जुन्या जखमेने बेजार होता, चालणे कठीण झाले होते. तरीही रिओच्या परिसरातून भरपूर वनस्पती गोळा झाल्या आणि त्यांतच आपली बोगनवेल होती. ती वेल प्रत्यक्ष कोणाच्या हाताने तोडली गेली? काही अभ्यासक सरळ झानचे नाव घेतात. तसा कागद मात्र नाही. लंगडणारा मालक आणि धडधाकट नोकर अशी जोडी असताना रानात कोण शिरले असेल हे वाचकांनी ठरवावे. आम्ही वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्या मुलींचे मत एकच पडले, मुलांचे थोडे वेगळे होते.

डिसेंबर १७६७ मध्ये जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरली. ती पार करायला बावन्न दिवस लागले. वारा, बर्फ, पाऊस. या बावन्न दिवसांत झानचे काम सर्वांत स्पष्ट दिसते, कारण इथे दुसऱ्यांनी ते लिहून ठेवले आहे. बूगँव्हिलने नोंदवले आहे की कोमर्सनच्या मागोमाग ती बर्फाळ डोंगर चढत असे आणि शिधा, हत्यारे, वनस्पतींचे गठ्ठे अशा धैर्याने वाहत असे की कोमर्सन तिला आपले ओझ्याचे जनावर म्हणे. कौतुकाने म्हणत असेल. आम्हाला मात्र ते वाचून बरे वाटले नाही.

वनस्पतिसंग्रह करणे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना आता थोडे कळते. फांदी अशी निवडायची की तिच्यावर पान, फूल आणि जमले तर फळही असावे. ती कागदांत पसरून दाबायची. कागद ओले झाले की बदलायचे, आज, उद्या, परवा, पान पूर्ण वाळेपर्यंत. नाही बदलले तर बुरशी येते आणि सगळे काळे पडते. आमच्याकडे हे वर्तमानपत्र, विटा आणि जुनी टेलिफोन डिरेक्टरी यांच्या मदतीने झाले, वर कोरडी हवा आणि पंखा. झानला हेच काम हलणाऱ्या जहाजावर, खाऱ्या दमट हवेत, किडे आणि उंदीर यांच्याशी झगडत करायचे होते. त्यात दिवसभराचे ओझे वाहून झालेले, आणि आपण बाई आहोत हे कोणाला कळू न देण्याची काळजी चोवीस तास मानेवर. किती कागद रोज बदलले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कोमर्सनचा संग्रह पुढे पॅरिसला पोहोचला तेव्हा त्यात हजारो नमुने होते.

एप्रिल १७६८ मध्ये जहाजे ताहितीला लागली. बूगँव्हिलच्या म्हणण्याप्रमाणे झान किनाऱ्यावर उतरताच तिथल्या लोकांनी तिला बाई म्हणून ओळखले. फ्रेंच माणसांना सव्वा वर्षात जे खात्रीने कळले नाही ते त्यांना क्षणात कळले. जहाजावर कुजबूज आधीपासून होतीच. दाढी येत नाही, आवाज बारीक, सर्वांसमोर कधी कपडे बदलत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, भर समुद्रात, बूगँव्हिल एतवालवर आला तेव्हा झानने रडत रडत कबुली दिली. आपण अनाथ आहोत, एका दाव्यात सर्वस्व गमावले, रोशफोरला पुरुषवेषात येऊन मालकाला फसवले, आणि जगप्रदक्षिणेचे नाव ऐकून आपल्याला मोह पडला, असा तिच्या सांगण्याचा सारांश त्याने लिहिला आहे.

इथे थोडे थांबायला हवे. मालकाला फसवले हे धडधडीत खोटे होते. ज्याच्या मृत्युपत्रात निघण्यापूर्वीच तिचे नाव लिहिले गेले, तो तिला ओळखत नव्हता हे कसे शक्य आहे? पण कायदा मोडल्याचा आळ कोमर्सनवर आला असता तर त्याची नेमणूक गेली असती आणि संग्रहही गेला असता. झानने सगळा दोष स्वतःवर घेतला. अधिकाऱ्यापुढे उभे राहून ते नाव वाचवण्याची ही तिची दुसरी वेळ. बूगँव्हिलनेही फार उकरले नाही. तिचे वागणे नेहमी मर्यादेचे राहिले असे त्याने लिहिले, तिचा धीर वाखाणला आणि तिला त्रास होऊ नये अशी व्यवस्था केली. वय त्याने सव्वीस-सत्तावीस असावे असा अंदाज केला. तो बरोबर होता, तिला अठ्ठावीस पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते.

प्रवासातल्या इतरांच्या रोजनिशा मात्र बूगँव्हिलशी जुळत नाहीत. जहाजावरच्या सर्जनने ती उघडकीला येण्याची घटना ताहितीची नव्हे, तर जुलै महिन्यात न्यू आयर्लंड बेटावरची सांगितली आहे, आणि तिथे सोबतच्या माणसांकडून तिला मोठी विटंबना सोसावी लागली असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते. कोणती हकीकत खरी यावर विद्वानांत वाद आहे. प्रमुखाला आपल्या जहाजावर घडलेली लाजिरवाणी गोष्ट झाकायची असते हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे, म्हणून आमचा कल सर्जनकडे आहे. एवढेच लिहून हा भाग सोडतो.

नोव्हेंबर १७६८ मध्ये जहाजे मॉरिशसला पोहोचली. तेव्हा ते बेट फ्रेंचांकडे होते. तिथला कारभारी पियेर प्वाव्र हा झाडांचा मोठा शौकीन, मसाल्याची रोपे मिळवून लावण्याच्या ध्यासाने झपाटलेला. त्याने कोमर्सनला ठेवून घेतले. बूगँव्हिललाही ते सोयीचे पडले असावे, कारण जहाजावर बाई घेऊन फ्रान्सच्या बंदरात शिरण्याचा प्रसंग टळला. त्याची मोहीम मार्च १७६९ मध्ये परतली, त्याचा जयजयकार झाला. १७७१ साली त्याचे प्रवासवर्णन छापून आले आणि झानची हकीकत सगळ्या पॅरिसने चवीने वाचली. ती स्वतः त्या वेळी हजारो कोस दूर मॉरिशसवर पानांचे कागद बदलत होती.

(मॉरिशसचे नाव आले म्हणून सांगतो. ज्या पोर्ट लुईमध्ये झान उतरली त्याच बंदरात पुढे, १८३४ नंतर, आपल्याकडून गेलेल्या गिरमिटिया मजुरांची जहाजे लागली. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. ती उतरण्याची जागा, आप्रवासी घाट, २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली.)

मॉरिशसवरून कोमर्सनने १७७० मध्ये मादागास्करची वारी केली. तिथल्या वनस्पतींचे वैविध्य पाहून तो वेडाच झाला. याच प्रदेशातल्या एका झुडपाला त्याने झानच्या आडनावावरून बारेशिया असे नाव दिले. त्या झुडपाची पाने एकाच फांदीवर निरनिराळ्या आकारांची असतात, आणि पुरुष म्हणून वावरलेल्या स्त्रीला ते शोभते असे त्याला वाटले. नावाचे कारण देताना त्याने तिची तुलना डायना आणि मिनर्व्हा या रोमन देवींशी केली, आणि पूर्वी कोणी न गोळा केलेल्या कितीतरी वनस्पती, किडे, शिंपले यांचे श्रेय तिला दिले. आयुष्यभर ओझ्याचे जनावर म्हणणाऱ्याने निदान कागदावर तरी हिशेब चुकता केला.

पण तो कागद छापला गेलाच नाही. १३ मार्च १७७३ रोजी कोमर्सन मॉरिशसवरच वारला. वय पंचेचाळीस. त्याच्या मृत्यूची बातमी पोहोचायच्या आत, आठवड्याभराने, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद निवडले. प्वाव्र आधीच फ्रान्सला परतला होता, त्यामुळे झानची बाजू घेणारा कोणी उरला नव्हता. संग्रहाच्या पेट्या पॅरिसला रवाना झाल्या, आणि ज्या संग्रहाची मांडणी मृत्युपत्राने तिच्यावर सोपवली होती तो दुसऱ्यांनी उघडला. त्यातल्या वनस्पतींवर मोठमोठ्या विद्वानांनी काम केले. कोमर्सनच्या नावाने सत्तरहून अधिक जीवजातींची नावे ठेवली गेली. बोगनवेलीच्या वंशाचे नाव १७८९ साली जुसिय या शास्त्रज्ञाने छापले. बारेशिया म्हटलेले झुडूप आधीच नाव असलेल्या दुसऱ्या एका वंशातले निघाले आणि ते नाव बाद झाले. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पहिले छापलेले नाव खरे. पण परिणाम असा की एक जहाजप्रमुख भिंतीभिंतीवर राहिला, एक डॉक्टर पुस्तकापुस्तकांत, आणि झान कुठेच नाही.

तिने रडत बसून दिवस काढले नाहीत. पोर्ट लुईमध्ये तिने मद्यपानगृह चालवले आणि डिसेंबर १७७३ मध्ये रविवारी प्रार्थनेच्या वेळी दारू विकल्याबद्दल पन्नास लिव्र दंडही भरला. १७ मे १७७४ रोजी तिने झान द्युबर्ना या फ्रेंच लष्करातल्या माणसाशी लग्न केले. (नवरा-बायकोचे नाव मराठीत लिहिताना सारखेच होते, त्याला आमचा इलाज नाही.) पुढच्या वर्षाच्या सुमारास ती नवऱ्याबरोबर फ्रान्सला परतली. तिची पृथ्वीप्रदक्षिणा या परतण्याने पूर्ण झाली. नेमके कोणत्या बंदरात, कोणत्या दिवशी, याची नोंद कोणी केली नाही. १७७६ मध्ये तिने कोमर्सनच्या मृत्युपत्रातले आपले पैसे मागून घेतले. अलीकडे उजेडात आलेल्या कागदांवरून ती रिकाम्या हाताने परतली नव्हती, नवऱ्याच्या मुलखात तिने मालमत्ताही घेतली, असे दिसते. १७८५ साली फ्रान्सच्या नौदल खात्याने तिला वर्षाला दोनशे लिव्र पेन्शन मंजूर केले. मंजुरीच्या कागदात ती असामान्य स्त्री असल्याचे म्हटले आहे आणि कोमर्सनच्या कष्टांत तिचा वाटा होता हे स्पष्ट लिहिले आहे. ज्या नौदलाचा नियम मोडून ती जहाजावर चढली होती त्याच नौदलाचे हे पेन्शन, आणि मोलकरीण असताना मिळणाऱ्या पगाराच्या बरोबर दुप्पट. ५ ऑगस्ट १८०७ रोजी दोर्दोन्य भागातल्या सँतोलाय या गावी ती वारली, सदुसष्टाव्या वर्षी.

आता कादंबरीकडे येतो. झानवर लिहिणाऱ्यांचे आम्हाला दोन तट दिसतात. एक तिला प्रियकरामागे वेष पालटून गेलेली प्रेमवेडी करतो. दुसरा तिला जडीबुटीची जाणकार, कोमर्सनचीच गुरू करतो. पहिल्या तटाला आमचे म्हणणे असे की प्रेमासाठी जहाजावर चढता येते, पण बावन्न दिवस बर्फात ओझे वाहून रात्री पुन्हा कागद बदलायला बसायचे तर झाडांविषयी काही वाटावे लागते. दुसऱ्या तटाचे म्हणणे वाचायला गोड लागते. खेड्यातल्या बायकांना औषधी पाला माहीत असे, हे आपल्याकडच्या आज्यांवरून आपणही जाणतो. पण ती गुरू होती असा भक्कम पुरावा नाही, आणि तिला मोठे करण्यासाठी तसे मानण्याची गरजही नाही. मुलींना आम्ही सांगितले की कादंबरी जरूर वाचा, फक्त शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि ज्या वाक्याला लेखकाने पुरावा कुठून आणला असे वाटेल ते लिहून काढा. एका मुलीने लगेच विचारले की झानने स्वतः काय लिहिले. तिच्या हातची एकही रोजनिशी नाही. ती जे बोलली असे आपण म्हणतो ते सगळे पुरुषांनी लिहिलेले आहे. वर्ग काही वेळ गप्प राहिला.

२०१२ साली एरिक टेप या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इक्वेडोर आणि पेरूच्या डोंगराळ भागातल्या एका नव्या वनस्पतीला सोलॅनम बारेशिये असे नाव दिले, मुद्दाम झानच्या स्मरणार्थ. सोलॅनम म्हणजे आपल्या वांगी, बटाटे, टोमॅटो यांचाच वंश. तीही एक वेल आहे, आणि तिची पाने अगदी त्या जुन्या बारेशियासारखी, एकीचा आकार दुसरीला नाही. झान त्या भागात कधी गेली नव्हती. नाव छापून यायला तिच्या मृत्यूनंतर दोनशे चार वर्षे आणि वर काही महिने लागले.

हे सगळे सांगून झाल्यावर एका मुलीने एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिणे आम्हाला भाग आहे. मागे प्रदर्शनीत आमच्या विद्यालयाचा वनस्पतिसंग्रह गेला होता, ती जाड निळी वही, पालकांनी ती पाहिली असेल. वहीच्या पहिल्या पानावर विद्यालयाचे नाव आहे, मार्गदर्शक शिक्षकांचे आहे आणि प्राचार्य म्हणून आमचे आहे. आम्ही त्यात एकही पान चिकटवलेले नाही. पाने गोळा केली, रोज कागद बदलले, नावे शोधून लिहिली ती तेव्हाच्या आठवीतल्या चार मुलींनी. त्यांची नावे वहीत कुठेच नाहीत, आणि त्या पानावरची सही आमची आहे. वही आता वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवली आहे. पहिले पान बदलले आहे. चारपैकी तिघींची नावे घातली. चौथी मुलगी वडिलांच्या बदलीमुळे वर्ष पुरे होण्याआधी गेली, आणि ती मुख्यतः औषधी झाडांची पाने लावत असे एवढेच बाकीच्या तिघींना आठवते. तिला मैत्रिणी घरच्या लाडक्या नावाने हाक मारत आणि हजेरीपटात त्या वर्षी त्या वर्गातून गेलेल्या मुली दोन आहेत. त्यांपैकी ती कोण हे ज्या विद्यार्थ्याला किंवा पालकांना माहीत असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. वहीत तिच्यासाठी जागा सोडली आहे.